जुन्या गाडीचं ऑइल आणि 'नवीन म्हणजे चांगलं' हा समज

रिसर्चची तयारी करताना एक सल्ला हमखास मिळतो: 'लेटेस्ट स्टँडर्ड वापर.' बहुतेक वेळा तो बरोबरच असतो. पण तो कधी चुकू शकतो, हे मला इंजिन ऑइलच्या इतिहासातून जास्त चांगलं कळलं. विषय थोडा आडवळणाचा वाटेल, पण शेवटपर्यंत या.

उदाहरणासाठी एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्‌स कार घेऊ. इंग्लंडमधल्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात ती बनली, पाच लाखांहून जास्त. आज ही गाडी सांभाळणाऱ्याला पडणारा प्रश्न साधा आहे: दुकानातलं सगळ्यात नव्या दर्जाचं ऑइल घालायचं का?

ऑइलच्या डब्यावर दोन वेगळ्या गोष्टी लिहिलेल्या असतात. पहिली म्हणजे घट्टपणा, अर्थात व्हिस्कॉसिटी. त्याची वर्गवारी एसएई या अमेरिकन संस्थेने १९११ मध्ये सुरू केली. '२०डब्ल्यू-५०' मधला डब्ल्यू म्हणजे विंटर. हे ऑइल थंडीत २०डब्ल्यू दर्जाचं आणि इंजिन तापल्यावर ५० दर्जाचं काम करतं. दुसरी गोष्ट म्हणजे एपीआयची अक्षरं: एसजी, एसएच, एसजे, एसएल, एसएम. अक्षर जितकं पुढचं, तितकं मानक नवं. आणि नवं म्हणजे सगळ्याच बाबतीत चांगलं, असं आपण धरून चालतो. गोची इथेच होते.

आता थोडं रसायनशास्त्र. ऑइलमध्ये झेडडीडीपी नावाचं एक संयुग घालतात. त्यात जस्त, गंधक आणि फॉस्फरस असतो. १९४० च्या दशकात ते आलं ते ऑइलचं ऑक्सिडीकरण आणि बेअरिंगचं गंजणं रोखायला. धातूवर धातू घासतो तिथेही ते संरक्षण देतं, हे नंतर लक्षात आलं. एमजीबीच्या इंजिनात कॅमशाफ्टचा उंचवटा सपाट टॅपेटवर घासत जातो. स्पर्शाची जागा अगदी लहान, दाब प्रचंड. तिथे झेडडीडीपीपासून फॉस्फेटचा काचेसारखा पातळ थर तयार होतो, साधारण शंभर नॅनोमीटर जाडीचा. लोखंडाऐवजी तो थर झिजतो आणि पुन्हा तयार होतो.

मग गोष्टीत तिसरंच पात्र आलं. अमेरिकेत १९७० चा क्लीन एअर अ‍ॅक्ट झाला आणि १९७५ च्या मॉडेलपासून गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसू लागले. इंजिनात थोडं ऑइल जळतंच. त्यातला फॉस्फरस कन्व्हर्टरमधल्या उत्प्रेरकावर साचतो आणि त्याला निकामी करत जातो. म्हणून फॉस्फरसवर मर्यादा आल्या: १९९० च्या दशकात ०.१२ टक्के, मग ०.१०, आणि २००४ च्या एसएम मानकात ०.०८. शहरांच्या हवेसाठी हा निर्णय योग्यच होता. पण कन्व्हर्टर नसलेल्या एमजीबीच्या टॅपेटला त्याचा काही फायदा नव्हता.

इथे घाईने निष्कर्ष काढू नका. जुन्या गाड्यांचे कॅमशाफ्ट खराब झाले की अनेक जण थेट नव्या ऑइलवर खापर फोडतात. पण त्याच गाड्यांत बाजारातले हलक्या प्रतीचे टॅपेट असू शकतात, जास्त कडक स्प्रिंग असू शकतात, किंवा नवा कॅमशाफ्ट बसवल्यावर सुरुवातीची वीस-तीस मिनिटं इंजिन नीट चालवलेलं नसू शकतं. एकाच वेळी चार गोष्टी बदलल्या असतील तर दोष नेमका कुणाचा? आपल्या भाषेत हे कन्फाउंडिंग. 'जस्त कमी झालं' ही ओरडही अर्धवट आहे, कारण मर्यादा जस्तावर नव्हे, फॉस्फरसवर आहे.

मग उत्तर काय? कन्व्हर्टर नसलेल्या एमजीबीत २०डब्ल्यू-५० सारखं ऑइल चालतं. फॉस्फरसची ही मर्यादा पातळ दर्जांसाठी आहे, २०डब्ल्यू-५० ला ती लागू नाही. पण 'लागू नाही' म्हणजे 'फॉस्फरस भरपूर आहे' असं नव्हे. म्हणून उत्पादनाची डेटा शीट उघडून आकडा बघायचा. ०.०८ टक्के म्हणजे ८०० पीपीएम. हजाराच्या आसपास असेल तर सपाट टॅपेटसाठी ठीक. वरून आणखी झेडडीडीपी ओतायची गरज नाही. आणि १९७५ नंतर अमेरिकेत गेलेल्या अनेक एमजीबींना कन्व्हर्टर होता. तो अजून जागेवर असेल तर हिशोब पुन्हा मांडावा लागेल. गाडी तीच, उत्तर वेगळं.

एक शेवटची गंमत. झेडडीडीपीचा थर घासतानाच कसा वाढतो, हे अणुबल सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष मोजणारा पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठ आणि एक्सॉनमोबिल यांच्या संशोधकांचा पेपर 'सायन्स'मध्ये आला २०१५ साली. म्हणजे सत्तर वर्षं वापरलेल्या पदार्थातही संशोधनाचा प्रश्न शिल्लक होता.

तेव्हा उद्या लॅबमध्ये कुणी 'हे नवीन मानक आहे, हेच वापर' म्हणालं तर जरूर वापरा. फक्त त्याआधी एक विचारा: हे मानक कुणाचा प्रश्न सोडवायला बनलं होतं, आणि माझा प्रश्न तोच आहे का?