वस्तऱ्याची धार आणि न्हाव्याचे हात

मराठींत ‘बिनपाण्यानें करणें’ असा एक वाक्प्रचार आहे. कोणाची भर सभेंत फजिती उडाली म्हणजे त्याची बिनपाण्यानें झाली असें आपण म्हणतों आणि हंसतों. परंतु हा वाक्प्रचार ज्यानें प्रथम वापरला त्याला कोरड्या गालावरून फिरणारा वस्तरा म्हणजे काय हें खास ठाऊक असलें पाहिजे. मनुष्य आपलें अंग दुसऱ्याच्या शस्त्राखालीं आपण होऊन, निमूटपणें, डोळे मिटून देतो असे प्रसंग दोनच: एक शस्त्रवैद्यापुढचा व दुसरा न्हाव्यापुढचा. पहिल्याच्या स्वच्छतेचा इतिहास पुष्कळांनीं लिहिला आहे व लिस्टरचें नांव शाळेंतल्या मुलांनाहि ठाऊक असतें. दुसऱ्याच्या स्वच्छतेचा इतिहास मात्र कोणी फारसा सांगत नाहीं. तो थोडक्यांत सांगावा, आणि सांगतां सांगतां एक प्रश्न विचारावा, असा या लेखाचा उद्देश आहे. तो प्रश्न असा कीं, या धंद्यांतील स्वच्छतेचे नियम ज्यांनीं ज्यांनीं केले त्यांनीं ते कोणाच्या जिवासाठीं केले?

या विषयावरील आपल्याकडील अतिशय जुनी सूचना गृह्यसूत्रांत सांपडते. आश्वलायन गृह्यसूत्रांत चौलसंस्काराच्या प्रकरणीं नापिताला असें सांगितलें आहे कीं, पाण्याचें काम कोमट पाण्यानें करून, कोठें इजा होऊं न देतां मुलाचें क्षौर कर. त्याच विधींत खुद्द वस्तऱ्यालाहि या बालकाला दुखवूं नको अशी विनवणी आहे. विधीचें वेष्टण बाजूस सारलें तर धंद्यांतील सुरक्षिततेचा एक साधा नियमच हातीं लागतो. चरकानें पंधरवड्यांतून तीन वेळां केस, दाढी व नखें काढावीं असें सांगितलें. सुश्रुतानें तर वैद्याचीं स्वतःचीं नखें व केस आंखूड असावेत, वस्त्रें शुभ्र असावींत, असें बजावलें. शस्त्र धरणाऱ्याचा हात स्वच्छ हवा, ही गोष्ट आपल्या पूर्वजांस कळत नव्हती असें कोणी म्हणूं नये.

पण पुढें हा स्वच्छतेचा विचार विटाळाच्या विचारांत बुडून गेला. श्मश्रू झाल्यावर स्नान केल्यावांचून घरांत कशास शिवावयाचें नाहीं, हा नियम आमच्या लहानपणीं खेड्यांतील कित्येक घरांतून पाळला जात असे. न्हावी येई तो अंगणांत एखाद्या पोत्याच्या तुकड्यावर बसे. धोकटींतून वस्तरा, कातर, नराणी, सहाण, चामड्याचा पट्टा आणि पाण्याची वाटी निघे, आणि घरांतील पुरुष पाळीपाळीनें त्याच्यापुढें मान घालून बसत. एकाचें झालें म्हणजे वस्तरा पट्ट्यावर चार वेळां ओढून दुसऱ्याच्या गालास लागे. वाटींतलें पाणी तेंच. जखम झाली तर तिच्यावरून फिरणारा तुरटीचा खडाहि तोच. म्हणजे रक्त थांबविणारें औषधच एकाचें रक्त दुसऱ्यास नेऊन पोंचवी. मग प्रत्येक जण विहिरीवर जाऊन डोक्यावरून घागर ओतून घेई व न्हाव्याचा विटाळ गेला असें मानी. अंगास खरोखर कांहीं लागलें असेल तर तें घागरभर पाण्यानें जाणारें नव्हतें. आणि ज्यानें तें लागलें तो वस्तरा धोकटींत जाऊन केव्हांच पुढच्या आळीला पोंचलेला असे. स्पर्शाची भीति होती, पण ती भलत्या ठिकाणीं होती. माणूस अशुद्ध ठरला आणि हत्यार निर्दोष सुटलें!

संत सेना न्हावी यांनीं आपल्या धंद्याच्या अवजारांवरच अभंग रचला आणि त्याच्या शेवटीं चारी वर्णांना आपला हात लागतो असें सांगितलें. भक्तीच्या दृष्टीनें ती समतेची खूण आहे. आरोग्यशास्त्राच्या दृष्टीनें पाहणारा एखादा रूक्ष मनुष्य म्हणेल कीं, सर्वांना तोच हात म्हणजे सर्वांना तोच वस्तरा. दोघांचेंहि म्हणणें खरें आहे. याच वस्तऱ्यासंबंधानें १८९० सालीं मुंबईंतील न्हावी मंडळींनीं, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानें, विधवांचें केशवपन करावयाचें नाहीं असा निर्धार केला, हें महाराष्ट्राला विसरतां येणार नाहीं. पिढ्यान् पिढ्या ज्यांना अपवित्र मानलें त्यांनीं आपला हात आंखडला तो दुसऱ्याच्या दुःखासाठीं.

हें वैगुण्य केवळ आपल्याकडचें असें मात्र समजूं नये. युरोपांत कित्येक शतकें न्हावी आणि शस्त्रवैद्य हे एकच होते. १२१५ सालच्या चौथ्या लॅटरन परिषदेनें वरच्या श्रेणीच्या धर्मगुरूंना कापण्या-डागण्याची चिकित्सा वर्ज्य केली. रक्त काढणें, गळवें फोडणें, दांत उपटणें हीं कामें ज्यांच्याजवळ धारदार पातें आयतेंच असे त्या न्हाव्यांकडे होतीं, तीं अधिकच त्यांच्याकडे गेलीं. लंडनमध्यें तर काढलेल्या रक्तानें भरलेलीं भांडीं न्हावी जाहिरातीसाठीं खिडकींत मांडून ठेवीत. १३०७ सालीं शहराच्या अधिकाऱ्यांनीं हुकूम काढला कीं, रक्त लोकांच्या नजरेस पडेल असें ठेवूं नये; तें गुपचूप थेम्स नदीवर नेऊन टाकावें; न ऐकेल त्याला दोन शिलिंग दंड. नागरिकांच्या डोळ्यांना होणारी किळस टळली. नदीच्या पाण्याची फिकीर त्या हुकुमांत दिसत नाहीं.

याहून फार शहाणपणाचा कायदा पुढें १५४० सालीं आठव्या हेन्रीच्या अमदानींत झाला. न्हावी व शस्त्रवैद्य यांच्या दोन संस्थांची एक कंपनी त्यानें बनविली. त्या प्रसंगाचें हॅन्स होल्बाइन या चित्रकाराचें भव्य चित्र प्रसिद्धच आहे. परंतु चित्राहून महत्त्वाचें त्या कायद्यांतील एक कलम आहे. त्याचा आशय असा: जे लोक शस्त्रवैद्यकी करितात ते प्लेग, उपदंश व तत्सम सांसर्गिक रोगांनीं पछाडलेल्या माणसांना उपचारासाठीं आपल्या घरीं घेतात, आणि तेच लोक त्याच ठिकाणीं इतरांचीं डोकीं धुतात व दाढ्या करितात, यामुळें राजाच्या प्रजाजनांना संसर्ग होण्याचें मोठें भय आहे. म्हणून शस्त्रवैद्यानें दाढी करूं नये, आणि न्हाव्यानें दांत उपटण्यापलीकडे शस्त्रवैद्यकी करूं नये. जंतु म्हणून कांहीं असतें हें कळण्यास अजून तीनशेंहून अधिक वर्षें अवकाश होता. तरी रोगी आणि निरोगी यांना एका हातानें, एका खोलींत हाताळूं नये, एवढें त्या कायदेपंडितांनीं केवळ अनुभवानें ओळखलें. आम्हांला या कलमाचें मोठें कौतुक वाटतें. पण त्यांत चिंता आहे ती दाढी करून घेण्यास येणाऱ्या प्रजेची. ज्याच्या बोटांना तो पू आणि तें रक्त दररोज लागे त्या कारागिराबद्दल त्या कलमांत अवाक्षर नाहीं. पुढें १७४५ सालीं दोन्ही धंदे पूर्ण विभक्त झाले. शस्त्रवैद्य प्रतिष्ठेच्या पायऱ्या चढत गेले आणि न्हावी होता तेथेंच राहिला.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जंतुशास्त्र प्रस्थापित झालें तेव्हां सरकारांचें लक्ष पुनः या दुकानांकडे वळलें. दाढींत होणाऱ्या गजकर्णाला इंग्रजींत न्हाव्याचेंच नांव चिकटलेलें होतें. अमेरिकेंतील मिनेसोटा राज्यानें १८९७ सालीं न्हाव्याच्या धंद्यास परवाना आवश्यक ठरविला; त्या देशांतील हा अशा प्रकारचा पहिला कायदा. इतर राज्यांनीं तोच कित्ता गिरविला. फण्या व कातऱ्या बुडवून ठेवण्याचें तें निळें द्रावण, बार्बिसाइड, १९४७ सालीं निघालें.

मात्र न्हाव्याचें हत्यार म्हणजे केवळ वस्तरा नव्हे, हें पहिल्या महायुद्धानें मोठ्या विलक्षण रीतीनें शिकविलें. दाढीचे उत्तम ब्रश बिज्जूच्या केसांचे. हे केस रशियांतून निघत व जर्मनींत स्वच्छ होऊन पुढें जात. १९१४ सालीं युद्ध सुरू झालें आणि हा मार्ग तुटला. तेव्हां व्यापाऱ्यांनीं पूर्व आशियांतून घोड्याचे केस आणविले व ते रंगवून बिज्जूच्या केसांसारखे केले. हे केस निर्जंतुक करण्याची खबरदारी पुष्कळ ठिकाणीं घेतली गेली नाहीं आणि त्यांतून अँथ्रॅक्सचे, म्हणजे सांसर्गिक काळपुळीचे, बीजाणु थेट सैनिकांच्या गालांवर येऊन पोंचले. खंदकांत विषारी वायूच्या मुखवट्याची कड गालास घट्ट बसावी म्हणून शिपायाला दाढी रोज गुळगुळीत करावी लागे. जो नियम वायूपासून वांचविण्यासाठीं केला त्याच नियमानें तो ब्रश रोज त्याच्या गालावर फिरविला! ब्रिटिश व अमेरिकन सैनिक आणि नागरिक मिळून दोनशेंहून अधिक माणसांना या रोगाची बाधा झाली व त्यांपैकीं कित्येक दगावले. अखेर १९२० सालीं ब्रिटननें जपानहून येणाऱ्या घोड्याच्या केसांच्या दाढीच्या ब्रशांना बंदी केली. वस्तरा उकळणाऱ्या अत्यंत काळजीवाहू न्हाव्यालाहि या रोगापुढें इलाज नव्हता, कारण दोष त्याच्या दुकानांत शिरण्यापूर्वीं दूरच्या कारखान्यांत झालेला होता.

आपल्याकडे सर्वसामान्य गिऱ्हाइकाच्या मनांत वस्तऱ्याविषयीं खरें भय शिरलें तें १९८६ सालीं भारतांत एड्सचे रुग्ण प्रथम आढळल्यानंतरच्या वर्षांत. वास्तविक रक्तावाटे पसरणारी ‘बी’ प्रकारची कावीळ याहून जुनी, आणि चिवटहि: तिचा विषाणु शरीराबाहेर निदान सात दिवस तग धरूं शकतो. पण कावीळ म्हटली कीं आपण पथ्य आठवतों, वस्तरा आठवत नाहीं. एड्सच्या नांवानें मात्र लोक दचकले, आणि पिढीजात वस्तरे हळूहळू मागें पडून त्यांच्या जागीं ब्लेड बसविण्याचा वस्तरा आला. ब्लेडचा कागद गिऱ्हाइकासमोर सोडावयाचा, ब्लेड मधोमध मोडावयाचें, अर्धें वस्तऱ्यांत बसवावयाचें व काम झाल्यावर फेकून द्यावयाचें. हा आतां प्रत्येक केशकर्तनालयांतील एक छोटासा विधिच झाला आहे. आश्वलायनाच्या विधीइतकाच तोहि अर्थपूर्ण आहे, असें आम्ही गंभीरपणें म्हणतों.

येथवरच्या सर्व नियमांत रक्षण झालें तें खुर्चींत बसणाऱ्याचें. खुर्चीच्या मागें जो दिवसाचे दहा-बारा तास उभा राहतो त्याचें काय? त्याचे पाय सुजतात, पोटऱ्यांच्या शिरा फुगतात. हात सदा ओले राहिल्यामुळें बोटांच्या बेचक्यांतील कातडी फुटते. त्यांत विसाव्या शतकानें रंग आणला. १९०७ सालीं यूजेन श्युलर या फ्रेंच रसायनज्ञानें केसांचा कृत्रिम रंग बाजारांत आणला व त्यांतून एक जगड्व्याळ व्यापार उभा राहिला. काळ्या रंगांतील पॅरा-फेनिलीनडायअमाइन हें द्रव्य ज्यास सोसत नाहीं त्याच्या त्वचेस खाज, फोड व चट्टे येतात. आणि एकदां ही असहिष्णुता जडली म्हणजे ती बहुधा जन्माची सोबत करिते. गिऱ्हाईक महिन्यांतून एकदां रंग लावून घेतें, कारागीर दिवसांतून पांच-सात वेळां लावतो. कर्करोगाचें संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेनें १९९३ सालीं न्हावी व केशकारागीर यांचा धंदा, त्यांतील द्रव्यसंपर्कामुळें, कर्करोगाचें संभाव्य कारण मानला, व २०१० सालीं प्रसिद्ध झालेल्या फेरविचारांतहि तेंच मत कायम ठेविलें. केस सरळ करण्याच्या कांहीं द्रावणांतून फॉर्माल्डिहाइडची वाफ निघते म्हणून २०११ सालीं अमेरिकन सरकारास कामगारांसाठीं इशारा द्यावा लागला. युरोपांतील मालक व कामगार यांच्या संघटनांनीं २०१२ सालीं कारागिरांच्या आरोग्यासाठीं एक करार केला. १५४० सालच्या कलमाशीं तो ताडून पाहिला तर मधल्या काळास पावणेपांचशें वर्षें भरतात.

मग २०२० सालची महामारी आली. महाराष्ट्रांत २८ जूनपासून सलून उघडण्यास परवानगी मिळाली ती केस कापण्यासारख्या निवडक कामांपुरती; त्वचेशीं संबंध येणाऱ्या कामांना प्रथम मनाई होती. कारागिरानें मुखपट्टी, हातमोजे व अंगरखा घालावा, प्रत्येक गिऱ्हाइकामागें खुर्ची पुसावी, असे नियम झाले. त्याच वर्षीं मे महिन्यांत अमेरिकेंतील मिसूरी राज्यांत एक बोलका प्रसंग घडला. एका सलूनांतील दोन कारागीर स्त्रियांना कोविडची बाधा झालेली असतां त्यांनीं १३९ गिऱ्हाइकांचें काम केलें. गिऱ्हाइकें व कारागीर सर्वांनीं मुखपट्ट्या बांधलेल्या होत्या. त्या गिऱ्हाइकांपैकीं कोणासहि रोगाचीं लक्षणें दिसलीं नाहींत. ज्या ६७ जणांनीं तपासणी करून घेतली त्यांतील एकहि बाधित निघाला नाहीं. मात्र त्यांपैकीं एकीच्या निकटच्या चार माणसांना दुकानाबाहेर तिच्या सहवासांत संसर्ग झाला. साधें वीतभर कापड किती राखतें याचा हा पुरावा. आणि खुर्चींतला वांचला तरी कारागिराच्या घरीं रोग पोंचतोच, याचाहि.

आमच्या घराजवळच्या सलूनांत एक वीस-बावीस वर्षांचा मुलगा काम करितो. महामारी ओसरली तसे तेथील हातमोजे दिसेनासे झाले. रंगाच्या डबींत पातळ हातमोज्यांची जोडी येते, ती फळीवर तशीच पडलेली असते. त्याच्या बोटांचीं टोकें काळसर पडलीं आहेत, आणि अंगठ्याच्या मुळाशीं कातडी चिरली आहे. परवां न राहवून त्याला हातमोजे कां घालीत नाहींस म्हणून विचारलें. तो म्हणाला, ‘‘सर, मोजे घातले कीं केस हाताला कळत नाहीं.’’ मग त्यानें नवें ब्लेड घेतलें, मला दिसेल असें आरशासमोर धरून त्याचा कागद सोडला आणि त्या चिरलेल्या अंगठ्यानें तें मधोमध मोडलें.