मुंबईत प्लेग, मद्रासमध्ये का नाही?

साथीच्या रोगाची दोन देशांत किंवा दोन शहरांत तुलना करताना दोन प्रश्न वेगळे ठेवावेत. रोग किती जणांना झाला, हा पहिला. झालेल्यांपैकी किती दगावले, हा दुसरा.

१८९४ साली हाँगकाँगमध्ये प्लेगची साथ आली आणि जहाजांच्या मार्गाने बंदरोबंदरी गेली. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. पुढील काही दशकांत भारतात एक कोटीहून अधिक माणसे या रोगाने मेली. १९०० साली तो सिडनीला पोहोचला. तिथे ३०३ रुग्णांपैकी १०३ दगावले. म्हणजे रोग तिथेही सौम्य नव्हता. तो फारसा पसरला नाही, एवढेच.

आता मद्रास, म्हणजे आजचे चेन्नई, पाहू. मुंबईसारखेच बंदर, तशीच दाट वस्ती, तसेच उंदीर आणि मुंबईशी थेट रेल्वे. तरीही हे शहर मोठ्या साथीतून वाचले. याचे श्रेय केवळ कारभाराला देता येत नाही, कारण त्याच मद्रास प्रांतातील बेल्लारी, सेलम, कोइंबतूर या जिल्ह्यांत प्लेग वारंवार येत राहिला.

उत्तराचा मोठा भाग उंदरांवरच्या पिसवांत सापडला. मुंबईच्या उंदरांवर प्रामुख्याने ‘झेनोप्सिला केओपिस’ ही पिसू होती. प्लेगचे जंतू तिच्या अन्नमार्गात साचून तो बंद होतो. रक्त पोटात उतरत नाही, म्हणून भुकेली पिसू पुन्हापुन्हा चावते आणि प्रत्येक चाव्याबरोबर जंतू जखमेत सोडते. मद्रास शहरात ‘झेनोप्सिला ॲस्टिया’ ही तिची भावंड-जात जास्त होती. तिच्याकरवी प्लेग सहज पसरत नाही. उष्ण हवेत तर आणखी कमी. साध्या डोळ्यांना या दोन पिसवांतला फरक दिसतही नाही.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर काढताना नोंदींकडेही पाहावे लागते. मुंबई-पुण्यात सक्तीच्या घरझडतीच्या आणि विलगीकरणाच्या भीतीने लोक रुग्ण लपवत. रुग्णांची नोंद कमी झाली की मृत्यूचे प्रमाण कागदावर फुगते.

कोविडच्या काळात देशादेशांचे आकडे शेजारी मांडून कौतुक आणि दोष वाटले गेले. अशी तुलना करण्यापूर्वी रोग कशामार्फत पसरतो आणि मोजणी कशी झाली, हे दोन्ही तपासावे. नाहीतर पिसवेचे श्रेय आपण अधिकाऱ्याला देऊन बसू.