वाकनीस, कीर्द आणि एररची गाळणी

मागच्या पावसाळ्यात माझा भाचा आठवडाभर नया नगरच्या आमच्या घरी मुक्कामाला होता. तो सॉफ्टवेअरच्या कंपनीत आहे आणि त्या आठवड्यात त्याची रात्रीची पाळी होती. रात्री दोनच्या सुमारास त्याचा फोन वाजला. कुठलंसं अॅप्लिकेशन बंद पडलं होतं. मला तशीही झोप लागत नव्हती, म्हणून मी चहा टाकला आणि त्याच्या शेजारी जाऊन बसलो.

काळ्या पडद्यावर ओळी धावत होत्या. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला तारीख, वेळ, मग एक मोठ्या अक्षरातला शब्द आणि पुढे मजकूर.

"हे सगळं तू वाचणार?"

"मामू, हे कोणीच वाचत नाही," तो म्हणाला. त्याने एक छोटी कमांड टाईप केली, एंटर दाबलं आणि हजारो ओळींमधून जेमतेम अकरा उरल्या. त्या वाचून त्याने काहीतरी पुन्हा सुरू केलं, कप खाली ठेवला आणि झोपला. मी मात्र जागाच राहिलो. इतिहास आणि भाषा शिकवणाऱ्या माणसाला असल्या गोष्टी झोपू देत नाहीत.

या ओळींना लॉग म्हणतात. शब्द जहाजावरचा. दोरीला बांधलेला लाकडी ओंडका मागे पाण्यात टाकायचा, दोरीच्या किती गाठी हातातून सुटल्या ते मोजायचं आणि जहाजाचा वेग वहीत लिहायचा. ओंडका म्हणजे लॉग, म्हणून ती वही लॉगबुक. प्रोग्रामही चालताना तसाच आपली वही लिहीत असतो आणि प्रत्येक नोंदीवर तिच्या गांभीर्याचा शिक्का मारतो. १९८० च्या दशकात अमेरिकेत बर्कली इथे एरिक ऑलमन यांनी सेंडमेल या टपालाच्या प्रोग्रामसाठी सिसलॉग तयार केला. त्यातून रूढ झालेल्या पायऱ्या आठ: इमर्जन्सी, अलर्ट, क्रिटिकल, एरर, वॉर्निंग, नोटिस, इन्फो आणि डीबग. क्रमांक शून्य ते सात, पण उलटे. शून्य म्हणजे घर पेटलंय, सात म्हणजे कारागिराची स्वतःशीच चाललेली बडबड. माझ्या वर्गातल्या मुलांना हे सांगितलं तर ती हटकून सातलाच सगळ्यात मोठं संकट समजतील!

गाळणारी अवजारं त्याहून जुनी. १९७३ च्या सुमारास बेल लॅब्समध्ये केन थॉम्पसन यांनी ग्रेप लिहिलं. हव्या त्या शब्दाची ओळ तेवढी दाखवायची, बाकीच्या गाळायच्या. त्याची हकीकत त्यांचे सहकारी ब्रायन केर्निहान सांगतात. ली मॅकमहन नावाच्या सहकाऱ्याला ‘फेडरलिस्ट पेपर्स’ या अमेरिकी राज्यघटनेच्या काळातल्या लेखमालेतला कुठला लेख कुणाचा, हे शब्दांवरून शोधायचं होतं. मजकूर तेव्हाच्या एडिटरमध्ये मावेना, म्हणून हे वेगळं अवजार निघालं. म्हणजे आज सर्व्हर दुरुस्त करणारे लोक रोज वापरतात ते हत्यार जन्मलं इतिहासाच्या एका कोड्यापायी. मला याचा उगाचच अभिमान वाटला.

पण ग्रेप भोळं आहे. ‘एरर’ शोधायला सांगितलं तर ‘एकही एरर नाही’ ही ओळसुद्धा आणून देतं. गांभीर्य जाणणारं अवजार शिक्का पाहतं आणि त्याला क्रम कळतो. ‘वॉर्निंग’ मागितलं की वॉर्निंग आणि तिच्या वरचं सगळं दाखवतं, खालचं झाकतं. झाकतं, पुसत नाही. वही जशीच्या तशी राहते.

हे ऐकताना मला आठवला तो वाकनीस. उर्दूत ‘वाकिआ’ म्हणजे घटना, ‘नवीस’ म्हणजे लिहिणारा. वाकिआनवीसचा मराठीत वाकनीस झाला, जसा फर्दनवीसचा फडणीस. शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांत मंत्री म्हणजेच वाकनीस आणि त्या पदावर होते दत्ताजी त्रिंबक. राजाची रोजची नोंद ठेवणं हे त्यांचं काम. मोगल राज्यात तर सुभ्यासुभ्यातून बातम्या लिहिणारे नेमलेले असत. वाकिआनवीस उघडपणे नियमित अहवाल पाठवी. सवानेहनिगार बहुधा महत्त्वाच्या प्रकरणांपुरता लिही आणि त्याचा एक उपयोग वाकिआनवीसवर नजर ठेवण्याचा होता. शिवाय खुफियानवीस आणि हरकारे. वाकिआनवीस सुभेदाराशी संगनमत करून मोठी गोष्ट लहान करून लिहील, ही भीती बादशहाला होती. शिक्का मारणाऱ्या हातावर किती विश्वास ठेवायचा, हा प्रश्न तेव्हाही होताच.

पेशवाईत या वहीला रोजकीर्द म्हणत. रोज आणि कीर्द, दोन्ही शब्द फारसी. आमच्या भाईंदरच्या जुन्या दुकानदारांना कीर्द-खतावणी अजून समजते. घडलं तसं रोजच्या रोज लिहिलं ती कीर्द, खात्यांप्रमाणे निवडून मांडलं ती खतावणी. पुण्याच्या पेशवे दफ्तरात असे मोडीतले कागद कापडी रुमालांत बांधलेले आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रावबहादुर गणेश चिमणाजी वाड यांनी त्या रोजकीर्दींतून उतारे निवडले. पुढे ते नऊ भागांत छापले गेले. १९०० साली न्यायमूर्ती रानड्यांनी त्यांच्यावर प्रस्तावनावजा निबंध वाचला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की बखरी राजकारण आणि लढाया सांगतात, लोक कसे जगत होते ते या नोंदींत सापडतं. नंतर १९३० च्या दशकात गो. स. सरदेसायांनी याच दफ्तरातून ४५ खंड काढले. त्यांतला एक आमच्या खाडीपलीकडच्या वसईच्या मोहिमेवर आहे.

कुठलीही निवड म्हणजे गाळणीच. लढाई, तह, बंड हे एरर आणि क्रिटिकल. पण दर्ग्याचं इनाम पुढे चालू ठेवावं, ही कारकुनाच्या लेखी इन्फोची ओळ. सभासदाच्या बखरीतही पीर आणि मशिदींच्या दिवाबत्तीची सोय चालू ठेवल्याचं येतं, तेही ओघात. हिंदू-मुसलमानांचा इतिहास फक्त एररच्या गाळणीतून वाचला तर लढायाच हाती लागतात, यात नवल ते काय? शेजारपण इन्फोत लिहिलेलं असतं. वाड आणि सरदेसाई यांनी निवड केली, पण मूळ रुमाल जागेवर राहिले, म्हणून आज कुणी वेगळी गाळणी घेऊन बसू शकतो.

आता माझी गोष्ट. सरकारी कार्यालयांत कागदांचे अ, ब, क, ड असे वर्ग करतात. ‘अ’ कायम जपायचे, ‘ड’ लवकर नष्ट करायचे. शाळेतलं जनरल रजिस्टर कायमचं, हजेरीपट काही वर्षांचा. २०१९ च्या डिसेंबरात नागरिकत्वाचा कायदा झाला आणि त्यानंतर घराघरांतून जुने कागद शोधणं सुरू झालं. जानेवारीत माझी एक जुनी विद्यार्थिनी धाकट्या भावाच्या नोंदीसाठी आली. रजिस्टर उघडलं. नाव होतं, जन्मतारीख होती. जन्मस्थळाच्या रकान्यात दोन आडव्या टिंबांची खूण, म्हणजे ‘वरीलप्रमाणे’. वरच्या ओळीतलं मूल मुंबईत जन्मलेलं. हा मुलगा रत्नागिरी जिल्ह्यातल्या आजोळी.

अक्षर माझं होतं. नोकरीची पहिली वर्षं, प्रवेशाची गर्दी, लिपिक रजेवर. जन्मस्थळ कोण विचारतंय, असं मनाशी म्हणून मी भराभर टिंबं देत गेलो असणार. रुमाल राहिला तर गाळणी बदलता येते, पण जे लिहिलंच नाही ते कुठल्या कमांडने आणणार? ती मुलगी मला काही बोलली नाही. "सर, दुसरा कुठला कागद चालेल का?" एवढंच तिने विचारलं. आजोळच्या ग्रामपंचायतीतून जन्माचा दाखला आणायला तिच्या वडिलांना दोन खेपा घालाव्या लागल्या. तेव्हापासून प्रवेशाच्या दिवशी गाव, तालुका, जिल्हा मी स्वतः विचारून लिहितो. पालक वैतागतात.

त्या रात्रीनंतर सकाळी भाचा नाश्त्याला बसला. मी विचारलं, कारण सापडलं का? तो म्हणाला, "एररमध्ये नव्हतं, मामू. त्या अकरा ओळी नुसत्या ओरडत होत्या, डेटाबेस उत्तर देत नाही म्हणून. खरं कारण रात्री अकराच्या एका इन्फो ओळीत होतं. कुणीतरी पासवर्ड बदलला होता."

"मग ती ओळ जपून ठेवता ना?"

"एरर नव्वद दिवस ठेवतो," पाव चहात बुडवत तो म्हणाला, "इन्फो सात."