व्हायोलिन संग्रहालय, क्रेमोना

उत्तर इटलीच्या लोंबार्दी प्रांतात, पो नदीच्या काठी आणि मिलानच्या आग्नेयेस सुमारे ८० कि.मी. अंतरावर वसलेल्या क्रेमोना नगरातील हे संग्रहालय सप्टेंबर २०१३ मध्ये सुरू झाले. सोळाव्या शतकाच्या मध्यापासून पुढील दोनशे वर्षांत आमाती, ग्वार्नेरी आणि स्ट्रादिवारी या घराण्यांनी येथे व्हायोलिनला जे रूप दिले, तेच मानेची लांबी व कोन यांसारखे काही फेरफार वगळता आजतागायत सर्वत्र प्रमाण मानले जाते. गजाननराव जोशी व विष्णु गोविंद जोग यांच्या हाती महाराष्ट्राने जे वाद्य ऐकले, ते मांडी घालून व वाद्याचे शीर्ष पायावर टेकवून वाजविले जात असले, तरी त्याची आकृतीही मुळात याच गावची.

मार्कोनी चौकातील विटांची इमारत वास्तुविशारद कार्लो कोक्या याने विसाव्या शतकाच्या पाचव्या दशकात कलाप्रदर्शनांसाठी उभारलेली असून, तिच्यात नूतनीकरणाच्या वेळी जोव्हान्नी आर्वेदी यांच्या नावाचे सभागृह बांधण्यात आले. मध्यभागी रंगमंच, त्याच्या सभोवार वर चढत जाणाऱ्या आसनांच्या लाकडी लाटा आणि यासुहिसा तोयोता या जपानी तज्ज्ञाने केलेली ध्वनियोजना, यांमुळे एकट्या व्हायोलिनचा अत्यंत कोमल स्वरही तेथे श्रोत्यापर्यंत पोहोचतो.

बहुतेक प्रेक्षक किमती वाद्यांच्या दालनाकडे धाव घेतात, हे स्वाभाविक आहे; परंतु या संग्रहालयाचे खरे धन, प्रस्तुत लेखकाच्या मते, अंतोनियो स्ट्रादिवारीच्या (सुमारे १६४४–१७३७) कारखान्यातून उरलेल्या साच्यांत, हत्यारांत आणि कागदी आराखड्यांत आहे. अशा सातशेहून अधिक वस्तू येथे जपलेल्या आहेत. त्यांतील अक्रोडाच्या लाकडाचा एखादा साचा जवळून पाहावा : व्हायोलिनच्या आकाराची ती एक सपाट फळी, कडेला सहा चौकोनी खाचा, मध्ये आरपार भोके आणि पृष्ठभागावर शाईने घातलेले ओळखीचे अक्षर. खाचांत लाकडाचे ठोकळे तात्पुरते बसवून, मॅपलच्या पातळ पट्ट्या उष्णतेने वाकवून त्या ठोकळ्यांना चिकटवावयाच्या, त्या चौकटीवरून पाठीच्या व पोटाच्या फळ्यांची रेषा आखावयाची आणि काम पुरे होण्याआधी साचा काढून घ्यावयाचा, अशी ही पद्धत होती. साचा आत असल्याने बाहेरच्या पट्टीला किंचित मोकळीक राही. म्हणूनच एकाच साच्यावर घडलेली दोन वाद्येही तंतोतंत सारखी नसतात. शेजारच्या कागदांवर ध्वनिरंध्रांची वळणे रेखलेली असून, त्या रंध्रांच्या टोकांची वर्तुळे कंपासने काढल्याच्या खुणा अजून दिसतात. केवळ व्हायोलिनचेच नव्हे, तर गिटार व व्हिओला दा गांबा यांचेही नमुने त्यांत आहेत. स्ट्रादिवारीच्या रोगणात काही गूढ द्रव्य होते, अशी आख्यायिका ज्यांनी ऐकली आहे, त्यांनी या कागदांपुढे अवश्य थांबावे. कारण मोजमाप, पुनःपुन्हा केलेले संशोधन आणि हाताची शिस्त यांचा एवढा प्रत्यक्ष पुरावा दुसऱ्या कोणत्याही वाद्यकाराने मागे ठेवलेला नाही.

हा पुरावा क्रेमोनात परत आला तो मोठ्या वळणाने. स्ट्रादिवारीचा पुत्र पाओलो हा कापडाचा व्यापारी. त्याने १७७५-७६ च्या सुमारास पित्याची ही सामग्री कोत्सियो दी सालाबुए नामक संग्राहक उमरावास विकली, आणि ती क्रेमोनात राहता कामा नये अशी अट घातली. पुढे शंभराहून अधिक वर्षे ती खाजगी मालकीत राहिली. अखेर १९२० मध्ये जुझेप्पे फिओरीनी या बोलोन्याच्या वाद्यकाराने ती खरेदी केली व १९३० मध्ये क्रेमोना नगराच्या सुपूर्द केली. स्वतः वाद्ये घडवून चरितार्थ चालविणाऱ्या माणसाने ही ठेव तिच्या मूळ गावी पोहोचविली, हे औदार्य थोर होय. याउलट, नगरानेच १८६९ मध्ये जे सान दोमेनिको चर्च पाडले, त्यात स्ट्रादिवारीची कबर होती. तेथे आता सार्वजनिक बाग आहे.

वाद्यांच्या दालनात आंद्रेआ आमातीने सुमारे १५६६ मध्ये घडविलेले ‘कार्लो नववा’ हे व्हायोलिन सर्वप्रथम पाहावे. फ्रान्सच्या राजदरबारासाठी करविलेल्या वाद्यसंचातील हे वाद्य असून, पाठीवरील रंगीत राजचिन्हाचे विरळ अवशेष अद्याप टिकून आहेत. स्ट्रादिवारीचे १७१५ चे ‘इल क्रेमोनेसे’ एकेकाळी योसेफ योआखिम या विख्यात वादकाजवळ होते. १९६१ मध्ये ते क्रेमोनासाठी खरेदी करण्यात आले. ग्वार्नेरी ‘देल जेझू’ याचे १७३४ चे व्हायोलिनही येथेच आहे.

ही वाद्ये केवळ काचेआड ठेवलेली नाहीत. देखरेखीखाली ती नियमितपणे वाजविली जातात आणि ठरावीक दिवशी सभागृहात त्यांचे वादन ऐकावयास मिळते; भेटीचा दिवस ठरविताना तो कार्यक्रम आधी विचारून घ्यावा. जानेवारी २०१९ मध्ये दोन व्हायोलिन, एक व्हिओला व एक चेलो यांचा प्रत्येक स्वर भावी पिढ्यांसाठी ध्वनिमुद्रित करण्याचे काम येथे चालू असता, फरसबंद रस्त्यांवरील वाहनांचा खडखडाट ध्वनिग्राहकांपर्यंत पोहोचू नये म्हणून भोवतालची रहदारी बंद करण्यात आली व नगराध्यक्षांनी नागरिकांना शांतता पाळण्याचे आवाहन केले. संग्रहालयातील गुंजणारे दिवेही काढून ठेवण्यात आले होते.

१९७६ पासून दर तीन वर्षांनी भरणाऱ्या आंतरराष्ट्रीय वाद्यनिर्मिती स्पर्धेतील सुवर्णपदकप्राप्त वाद्यांचे दालन घाईने ओलांडू नये, कारण जिवंत कारागिरांचे हात तेथे दिसतात. १९३७ मध्ये साजऱ्या झालेल्या स्ट्रादिवारीच्या द्विशतसांवत्सरिक पुण्यतिथीनंतर, १९३८ मध्ये स्थापन झालेल्या वाद्यनिर्मिती विद्यालयात देशोदेशींचे विद्यार्थी शिकतात. नगरात आज शंभराहून अधिक कर्मशाळा असून, येथील हस्तकौशल्याचा २०१२ मध्ये युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त वारशात समावेश केला. ज्यास सवड असेल त्याने संग्रहालयानंतरचा प्रहर या कर्मशाळांकरिता राखून ठेवावा.