शंभर रुपयांची कपात

परवा गावी गेलो होतो. आमच्या तिठ्यावर एसटीची नवी शेड झाली आहे. शेड तशी लहानच, चार माणसं बसली की पाचव्याने उभं राहायचं. पण तिच्या कपाळावरची पाटी मात्र ऐसपैस. कोणाच्या निधीतून, कोणाच्या शुभहस्ते, कोणाच्या प्रमुख उपस्थितीत वगैरे वगैरे. पाऊस पडत होता म्हणून अर्धा तास तिथे बसलो आणि पाटी वाचण्यापलीकडे दुसरा उद्योग नव्हता. वाचता वाचता मनात आलं, की माझ्या लहानपणी आमच्या खासदारांच्या नावाची अशी एकही पाटी मी पाहिलेली नाही. आणि तरीही त्या काळी गावातल्या शेंबड्या पोरालाही खासदाराचं नाव ठाऊक असायचं!

पाटी नसण्याचं कारण साधं होतं. खासदार निधी नावाची योजना सुरू झाली डिसेंबर १९९३ मध्ये. त्याआधीच्या खासदाराच्या हातात मतदारसंघात खर्च करायला असा काहीच निधी नव्हता. शेड बांधायची तर एसटीला पत्र लिहा, पूल हवा तर राज्य सरकारकडे खेटे घाला. त्याच्याकडे हक्काची अशी एकच गोष्ट होती, लोकसभेत उभं राहून बोलणं.

आमचा मतदारसंघ राजापूर. तो आता नकाशावर नाही. २००८ च्या पुनर्रचनेत गेला आणि २००९ पासून आम्ही रत्नागिरी-सिंधुदुर्गचे मतदार झालो. पण या राजापूरने १९५७ पासून १९९१ पर्यंत, म्हणजे सलग चौतीस वर्षं, फक्त दोन माणसं दिल्लीला पाठवली. आधी बॅरिस्टर नाथ पै आणि त्यांच्यानंतर प्रा. मधु दंडवते. दोघेही समाजवादी, दोघेही कायम विरोधी बाकांवर (दंडवत्यांची मंत्रिपदाची थोडकी वर्षं सोडली तर). सत्तेत नसलेल्या पक्षाला इतकी वर्षं निवडून देणारा हा मुलूख एरवी अगदी गरीब. मुंबईतल्या गिरणीत कामाला गेलेल्या मुलाची मनीऑर्डर आली की घरात मीठ-मिरची यायची. या मुलखाचं सगळ्यात मोठं मागणं एकच होतं... रेल्वे.

ते मागणं किती खरं होतं हे ज्यांनी एसटीचा तो रात्रभराचा प्रवास केलाय त्यांनाच कळेल. संध्याकाळी मुंबईहून निघालेली गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी कुडाळला. कशेडीच्या घाटात अर्धी गाडी खिडकीबाहेर डोकं काढून ओकत असायची. गणपतीला तर गाडीत दोन पायांवर उभं राहायला मिळालं तरी नशीब. आजोबांच्या पिढीने बोटीने प्रवास केला. पावसाळ्यात दर्या खवळला की बोटी बंद आणि मग मुंबईत कोण आजारी पडलं, कोण गेलं, हे गावाला पत्रानेच कळायचं.

तर अशा मुलखातल्या माणसाने लोकसभेत उभं राहून नेमकं काय करायचं? मध्यंतरी मला एक नाद लागला होता. लोकसभेतल्या जुन्या चर्चा आता इंटरनेटवर वाचायला मिळतात. रात्री जेवणं झाली की मी त्या उघडून बसायचो. त्यात मला एक गंमत सापडली, कपात सूचना. रेल्वेच्या किंवा कुठल्याही खात्याच्या अनुदानाच्या मागण्या चर्चेला आल्या, की खासदार सूचना देतो : या मागणीतून शंभर रुपये कमी करावेत. कोट्यवधींच्या मागणीतून शंभर रुपये! आणि पुढे कंसात कारण : अमुक ठिकाणी गाडी थांबण्याची गरज, तमुक फाटकावर पूल बांधण्याची गरज. शंभर रुपये वाचवायचे नसतातच. विशिष्ट गाऱ्हाणं सभागृहाच्या कानावर घालायची ती संसदीय रीत आहे. धोरणच नापसंत असेल तर सगळी मागणीच एक रुपयावर आणा म्हणतात, गाऱ्हाणं असेल तर शंभराची कपात मागतात. या सूचना मंजूर व्हायच्या नसतातच, एखादी झाली तर सरकारवरच बालंट यायचं. पण देशभरातल्या अनोळखी गावांची नावं तिथे छापली जातात आणि कायमची राहतात. एका रात्री मी पानंच्या पानं त्या याद्या वाचत होतो. गावोगावच्या ग्रामदेवतांना घातलेली गाऱ्हाणी वाचल्यासारखं वाटलं.

याशिवाय तारांकित प्रश्न, अर्ध्या तासाची चर्चा, लक्षवेधी, नियम ३७७ खालची निवेदनं, शुक्रवारची खासगी विधेयकं... आणि सगळ्यात मोठं व्यासपीठ म्हणजे रेल्वेचा वेगळा अर्थसंकल्प. १९२४ पासून सुरू झालेली ती प्रथा २०१७ मध्ये बंद झाली. पण त्या काळी दरवर्षी काही दिवस सगळी लोकसभा फक्त रेल्वेवर बोलायची. कोकणच्या खासदाराला वर्षातून एकदा हमखास मिळणारी ती संधी असे.

पण नुसतं मागून रेल्वे मिळत नाही. रेल्वे खात्याचा हिशोब कोरडा असतो. मधे सह्याद्रीचे फाटे, दर दहा मैलांवर खाडी नाहीतर नदी, जमीन जांभ्याची, आणि एवढा खर्च करून माल काय वाहायचा तर आंबे आणि काजू. कोकणातल्या लोकांची गैरसोय होते हे कारण त्या हिशोबात कुठेच बसत नव्हतं. गैरसोय तर सगळ्या देशाचीच होत होती. बिहारच्या आणि ओरिसाच्या खासदारांकडेही तशाच याद्या होत्या.

इथे या दोघांचं वेगळेपण मला जाणवतं. नाथ पै बोलायला उठले की सभागृह भरायचं असं म्हणतात. ते परराष्ट्र धोरणावर बोलायचे, घटनेवर बोलायचे, आणि तितक्याच तळमळीने कोकणावर बोलायचे. ‘मोठ्या’ विषयाचा नाथ पै वेगळा आणि ‘छोट्या’ विषयाचा वेगळा असं नव्हतं. आणि कोकणची रेल्वे हळूहळू फक्त कोकणची राहिली नाही. ती पश्चिम किनाऱ्याची रेल्वे झाली. मुंबईहून मंगळूरला रेल्वेने जायचं तर आधी सुमारे २०४१ किलोमीटरचा वळसा पडत असे, किनाऱ्याने तेच अंतर सुमारे ९१४ किलोमीटर. एकदा हे मांडलं की प्रश्न चाकरमान्याच्या ओकारीचा राहत नाही, तो मुंबई, गोवा, कर्नाटक, केरळ यांना जोडण्याचा होतो. गाऱ्हाणं तेच, पण आता ते देशाच्या वहीत लिहिलं जातं.

नाथ पै १८ जानेवारी १९७१ ला बेळगावात गेले. वय अवघं ४८. रेल्वेचा रूळ तेव्हा कोकणात फारसा शिरलाही नव्हता.

त्यांच्या जागी दंडवते आले. मुंबईच्या सिद्धार्थ कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणारा हा प्राध्यापक मूळचा अहमदनगरचा, पण कोकणाने त्यांना पाच वेळा निवडून दिलं. १९८४ च्या लाटेत विरोधकांचे भलेभले वाहून गेले तेव्हासुद्धा राजापूरने त्यांना सोडलं नाही. १९७७ मध्ये ते जनता सरकारात रेल्वेमंत्रीच झाले. आता झालीच रेल्वे, असं आमच्याकडे सगळ्यांना वाटलं असणार. झाली नाही. सव्वादोन वर्षांत सरकार गेलं. त्या सव्वादोन वर्षांत त्यांनी काय केलं, तर दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर दोन इंच फोम बसवायला सुरुवात केली आणि मुंबई-हावडा गीतांजली एक्स्प्रेस ही वर्गविरहित गाडी काढली. म्हणजे आपल्या मतदारसंघात अजून न आलेल्या गाडीतल्या प्रवाशांच्या पाठीची सोय त्यांनी आधी केली! लहानपणी मला हे अजब वाटायचं. रेल्वेमंत्री आपला, आणि रेल्वे दुसऱ्यांना?

पुढे १९८६ मध्ये रूळ रोह्यापर्यंत आले आणि तिथे थांबले. १९८९ च्या डिसेंबरात व्ही. पी. सिंगांचं सरकार आलं आणि एक योग जुळला. अर्थमंत्री दंडवते, रेल्वेमंत्री मूळचे मंगळूरचे जॉर्ज फर्नांडिस, आणि नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष कारवार जिल्ह्याचे रामकृष्ण हेगडे. पैसे, रूळ आणि योजना अशा तिन्ही किल्ल्या किनाऱ्याशी नातं असलेल्या माणसांकडे. १९ जुलै १९९० ला कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झालं. भांडवल रेल्वेचं ५१ टक्के, महाराष्ट्राचं २२, कर्नाटकाचं १५, गोवा आणि केरळ प्रत्येकी ६. ही टक्केवारी मला फार बोलकी वाटते. मार्ग केरळात शिरतही नाही, तो मंगळूरच्या अलीकडे ठोकूरला संपतो, तरी केरळने पैसे घातले. एका गरीब मतदारसंघाचं गाऱ्हाणं चार राज्यांचं झालं होतं त्याचीच ती पावती. बाकीची रक्कम कर्जरोख्यांतून उभी राहिली, आणि ई. श्रीधरन कामाला लागले.

आता माझी गोष्ट. १९९१ ची लोकसभा निवडणूक हे माझं पहिलं मतदान. जून महिना, पाऊस तोंडावर आलेला. कॉलेज संपवून नोकरी शोधत होतो आणि डोकं तापलेलं होतं. आम्ही पोरं पारावर बसून म्हणायचो, वीस वर्षं झाली, कुठाय रेल्वे? आमच्या काजूच्या बागेतून मोजणीवाले खुंट्या मारून गेले होते हे मला दिसत होतं. पण खुंट्या काय, पूर्वीही मारल्या होत्या. मी दंडवत्यांच्या विरोधात मत दिलं. ते पडले. कोणी दुसऱ्याने पाडलं असं मी म्हणू शकत नाही, त्यात माझं एक मत आहे.

घरी आल्यावर आजोबांनी विचारलं, ‘‘मत कोणाक दिलंस?’’ मी सांगितलं. ते रागावले नाहीत. ते नाथ पैंची भाषणं ऐकायला दहा-दहा मैल चालत गेलेले. सुपारी कातरत एवढंच म्हणाले, ‘‘इचारणारो वेगळो, गाडयेत बसणारो वेगळो.’’

मला तेव्हा अर्थ कळला नाही. पुढच्या दोन-तीन वर्षांत आमची काजूची बारा झाडं गेली. या मार्गासाठी ४०,००० हून अधिक जमीनमालकांची जमीन घ्यावी लागली, त्यातले आम्ही एक. मग डोंगर फुटायला लागले. कारबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा, पानवल नदीवरचा ६४ मीटर उंचीचा पूल, असं काय काय पेपरात यायला लागलं. आधी गाडी कुडाळपर्यंत धावू लागली आणि २६ जानेवारी १९९८ ला रोह्यापासून मंगळूरपर्यंतचा सगळा मार्ग खुला झाला. तेव्हा दंडवते आमचे खासदार नव्हते. सात वर्षांपूर्वी आम्ही त्यांना घरी बसवलं होतं.

सुरुवातीच्या दिवसांतच मी आजोबांना घेऊन मुंबईला निघालो. स्लीपरचा डबा. आजोबा बाकावर बसले, तळहाताने गादी दाबून बघितली आणि माझ्याकडे पाहिलं. बोलले काहीच नाहीत. मीही खिडकीबाहेर बघत बसलो. बाहेर आमचीच बाग होती की दुसऱ्या कोणाची, ओळखू आली नाही.

नाथ पैंच्या बाबतीतही असंच एक झालं होतं. १९६७ मध्ये गोलकनाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने संसदेला मूलभूत हक्कांना हात लावता येणार नाही असा निकाल दिला, तेव्हा संसदेचा घटनादुरुस्तीचा अधिकार स्पष्ट करणारं खासगी विधेयक त्यांनी आणलं. ते त्यांच्या हयातीत मंजूर झालं नाही. ते गेले त्याच वर्षी सरकारने चोविसावी घटनादुरुस्ती करून तेच तत्त्व मान्य केलं. ते बरोबर होतं की नाही यावर वाद घालता येईल, पुढे न्यायालयाने त्याला मर्यादाही घातली. मला दिसतं ते इतकंच, की घटनेचा प्रश्न असो की कुडाळच्या माणसाच्या प्रवासाचा, संसदेत उत्तर यायला एका माणसाची कारकीर्द पुरत नाही.

आणि मतदार म्हणून आपला हिशोब मात्र पाच वर्षांचा. त्यात चूक आहे असंही मला म्हणवत नाही. जाब विचारायचाच असतो. वीस वर्षं बोलूनही काही झालं नसतं तर माझा १९९१ चा राग बरोबरच ठरला असता. पण काय झालं हे मोजताना मी फक्त रूळ शोधत होतो. ते बोलणं, ते दरवर्षी उठून तेच सांगणं, एका गावच्या गैरसोयीला चार राज्यांचं कारण मिळवून देणं, हे काम मला दिसलंच नव्हतं. दिसणार तरी कसं? त्याला पाटी नसते.

पुढे याच राजापूरचे सुरेश प्रभूही २०१४ मध्ये रेल्वेमंत्री झाले (तेव्हा ते इथले खासदार नव्हते). ज्या मतदारसंघात इतकी वर्षं रूळच नव्हता, त्याचे दोन प्रतिनिधी रेल्वेमंत्री व्हावेत याची मला अजूनही मौज वाटते.

असो. परवा पाऊस थांबला, एसटी काही आली नाही. शेवटी रिक्षा करून कुडाळ स्टेशन गाठलं. शेडबद्दल तक्रार नाही, अर्धा तास कोरडा राहिलो तो तिच्यामुळेच. पण आता कोणी खासदार मत मागायला दारात आले, तर निधीतून काय बांधलंत हे मी विचारणार नाही. आमच्या गावाबद्दल तिथे उभं राहून काय बोललात, तेवढं विचारीन.