परग्रहवासी, विज्ञानकथेतील

पृथ्वीबाहेरील बुद्धिमान जीव आणि मानव यांची पहिली भेट हा विज्ञानकथेचा एक जुना विषय होय. एच्. जी. वेल्स यांच्या द वॉर ऑफ द वर्ल्ड्स (१८९८) या कादंबरीत मंगळावरील जीव पृथ्वीवर स्वारी करतात व अखेरीस येथील सूक्ष्मजंतूंमुळे मरण पावतात. परकीय यान पृथ्वीवर उतरते, हा या कथांचा पुढे रूढ संकेत बनला. मराठीत शास्त्रीय बैठक न सोडता हा विषय हाताळणाऱ्या लेखकांत खगोलशास्त्रज्ञ जयंत विष्णु नारळीकर (१९३८–२०२५) यांचे स्थान अग्रगण्य आहे.

अशी भेट कितपत संभवनीय आहे, हे पाहताना प्रथम अंतर व ऊर्जा यांचा हिशेब करावा लागतो. सूर्यानंतर सर्वांत जवळचा तारा प्रॉक्झिमा सेंटॉरी हा सु. ४.२ प्रकाशवर्षे दूर आहे (१ प्रकाशवर्ष = सु. ९.४६ लक्ष कोटी किमी.). १९७७ मध्ये सोडलेले व्हॉयेजर–१ हे यान सेकंदास सु. १७ किमी. वेगाने सूर्यापासून दूर जात आहे. त्या वेगाने हे अंतर काटण्यास सु. ७४ हजार वर्षे लागतील. हाच प्रवास ४२ वर्षांत व्हावयाचा, तर प्रकाशाच्या एकदशांश वेग हवा. आणि १ किग्रॅ. वस्तुमानास तो वेग देण्यासाठी किमान १२.५ कोटी किलोवॉट–तास ऊर्जा लागते. रायगड जिल्ह्यात सह्याद्रीच्या पायथ्याशी खोपोली (ता. खालापूर, ७२ मेगॅवॉट) व भिवपुरी (ता. कर्जत, ७५ मेगॅवॉट) ही दोन जलविद्युत् केंद्रे आहेत. ती दोन्ही अखंड व पूर्ण क्षमतेने चालविली, तरी एवढी वीज निर्माण होण्यास सु. ३५ दिवस लागतील. १,००० टन वजनाच्या यानासाठी हाच काळ सु. ९७ हजार वर्षे होतो. मुक्कामी वेग कमी करण्यास लागणारी ऊर्जा यात धरलेली नाही. यावरून भेट अशक्य ठरत नाही; परंतु उडत्या तबकड्या वारंवार ये–जा करतात, या म्हणण्यास किती भक्कम पुरावा हवा, याची कल्पना येते.

त्यामानाने संदेश पाठविणे पुष्कळच स्वस्त आहे. १९५९ मध्ये जूझेप्पे कोकोनी व फिलिप मॉरिसन यांनी हायड्रोजनच्या २१ सेंमी. तरंगलांबीवर परकीय संदेशांचा शोध घ्यावा, असे सुचविले व १९६० मध्ये फ्रँक ड्रेक यांनी असा पहिला प्रयत्न केला. १९७४ मध्ये अरेसीबो येथून एम–१३ या तारकागुच्छाकडे संदेश पाठविण्यात आला. हा गुच्छ सु. २५ हजार प्रकाशवर्षे दूर असल्याने उत्तर येण्यास ५० हजार वर्षे तरी लागतील. तोवर प्रश्न विचारणारी किंवा उत्तर देणारी संस्कृती टिकेलच, असे नाही.

नारळीकरांच्या लेखनामागे या मर्यादांची जाण आहे. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या कथास्पर्धेत त्यांनी आपली आद्याक्षरे उलटी करून ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने कथा पाठविली व तिला पहिले पारितोषिक मिळाले. यक्षांची देणगी (१९७९) हा त्यांचा कथासंग्रह आणि प्रेषित (१९८३) ही परग्रहावरील संस्कृतीशी येणाऱ्या संबंधावरील कादंबरी. वामन परत न आला (१९८६) या कादंबरीत तर आकाशातून कोणी येतच नाही. उत्खननात सापडलेल्या एका पेटिकेतून पृथ्वीवरच नष्ट झालेल्या प्रगत संस्कृतीचे ज्ञान मानवाच्या हाती येते आणि त्या ज्ञानाबरोबर तिच्या विनाशाचे कारणही येते. संपर्कातील खरा धोका परकीयांच्या शस्त्रांपेक्षा न पेलणाऱ्या ज्ञानात आहे, हे येथे सूचित होते.

नारळीकरांचे केंब्रिज येथील मार्गदर्शक फ्रेड हॉईल यांनी द ब्लॅक क्लाउड (१९५७) या कादंबरीत सूर्याजवळ येणारा बुद्धिमान आंतरतारकीय मेघ कल्पिला होता. पुढे जीवसृष्टीची बीजे अवकाशातून पृथ्वीवर आली, असे मत हॉईल यांनी चंद्र विक्रमसिंघे यांच्यासह मांडले. या मताच्या पडताळणीसाठी भारतीय अंतराळ संशोधन संघटनेच्या साहाय्याने २००१ व २००५ मध्ये हैदराबाद येथून फुगे सोडण्यात आले. या प्रयोगांत नारळीकर अग्रभागी होते. २००५ मध्ये २० ते ४१ किमी. उंचीवरील हवेच्या नमुन्यांत जे सूक्ष्मजंतू आढळले, त्यांपैकी तीन नव्या जातींचे असून त्यांची जंबुपार प्रारण सहन करण्याची शक्ती अधिक होती. २००९ मध्ये त्यांचे वर्णन प्रसिद्ध झाले. एकास हॉईल यांचे, एकास आर्यभटाचे, तर तिसऱ्यास संघटनेचे नाव देण्यात आले. तथापि हे जंतू पृथ्वीबाहेरून आले, असे यावरून निश्चित सिद्ध होत नाही, असे संघटनेने त्याच वेळी स्पष्ट केले. त्यांपैकी आर्यभटाच्या नावाचा जंतू पुढे पृथ्वीवरील मातीतही आढळला. परग्रहवासीयांशी संपर्क ही कल्पना कथेत मुक्तपणे वावरू शकते. प्रयोगशाळेत मात्र तिला इतर कोणत्याही गृहीतकाप्रमाणेच पुराव्याची कसोटी लागू होते.