कुलाब्याची वही आणि रामबागेतला रेडिओ

यंदा स्मरणिकेसाठी काही लिहा असे मंडळाने सांगितले तेव्हा आम्ही नेहमीप्रमाणे टाळाटाळ केली. लिहिणे हा आमचा प्रांत नव्हे. इलेक्ट्रॉनिक्सची पदविका घेऊन आम्ही राज्य शासनाच्या सेवेत लागलो आणि वायरलेस सेट सांभाळण्यात वीस-बावीस वर्षे गेली. पण गेल्या दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावर आजोबांची जमाखर्चाची वही सापडली, आणि तिच्यातल्या एका ओळीने आम्हाला सुचू दिले नाही. ती ओळ अशी : ‘६ सप्टेंबर १९५७, शुक्रवार. रेडिओ दुरुस्ती, व्हॉल्व्ह १ नग, ९ रु. ७५ न.पै.’ तिच्याच खाली ‘दुर्वा, फुले, ३७ न.पै.’ असे आहे. म्हणजे घरी गणपती बसलेले होते.

या पावणेदहा रुपयांची गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. बुधवारी रात्री आठ वाजता ‘बिनाका गीतमाला’ ऐकायला रामबागेतल्या आमच्या घराच्या ओसरीवर अर्धी गल्ली जमायची. त्या बुधवारी सिलोन लागेना. आवाज यायचा, बुडायचा, मग नुसती खरखर. आजोबांनी गच्चीवर जाऊन एरियलची तार ओढून पाहिली, काकांनी पाठीमागून दोन चापट्या मारून पाहिल्या. गुरुवारी रेडिओ दुकानात गेला, व्हॉल्व्ह बदलला गेला, शुक्रवारी घरी आला आणि खणखणीत वाजू लागला. इथपर्यंत ठीक. पण पुढच्याच शुक्रवारी, १३ तारखेला, पुन्हा तीच खरखर. आजोबा तडक दुकानात गेले आणि जुना व्हॉल्व्ह नवा म्हणून विकलास, असे चार गिऱ्हाइकांसमोर बोलले. तो माणूस शपथा घेत राहिला. आजोबांनी त्याच्याशी बोलणे टाकले ते कायमचे. आमच्या लहानपणी त्याचा उल्लेख घरात ‘व्हॉल्व्हचोर’ असाच होई.

आता इतिहासाकडे वळू. १९५७ आणि १९५८ ही सूर्याच्या दृष्टीने साधी वर्षे नव्हती. सूर्यावरचे डाग साधारण अकरा वर्षांच्या चक्राने वाढतात आणि ओसरतात. डागांची पद्धतशीर मोजदाद सुरू झाल्यापासूनचे सर्वांत जोरदार चक्र त्याच दोन वर्षांत शिखरावर होते. जगभरच्या शास्त्रज्ञांनी आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्ष म्हणून नेमका तोच काळ, जुलै १९५७ ते डिसेंबर १९५८, निवडला होता. त्या सप्टेंबरमध्ये पृथ्वीवर तीन मोठी चुंबकीय वादळे झाली : पहिले ४ व ५ तारखेला, दुसरे १३ ला, तिसरे २३ ला. कॅलेंडर काढून पाहिले तर ४ सप्टेंबरला बुधवार होता.

सूर्य इतक्या लांबून रेडिओत कसा शिरतो? लघुलहरी म्हणजे शॉर्टवेव्ह सरळ रेषेत जातात. कोलंबोहून निघालेली लहर जमिनीची गोलाई ओलांडून इंदूरला येते ती आकाशात धडकून, उलटून. आकाशात असे काही छत असावे, असे १९०२ मध्ये अमेरिकेत केनेली आणि इंग्लंडात हेविसाइड यांनी सुचवले. ॲपल्टनने १९२४ मध्ये प्रयोगाने ते दाखवून दिले आणि त्याला १९४७ चे नोबेल मिळाले. मराठीत या छताला आयनांबर म्हणतात. सूर्याच्या अतिनील आणि क्ष-किरणांनी हवेचे कण विद्युतभारित होतात, त्यांचे हे थर. सर्वांत वरचा, अडीचशे ते चारशे किलोमीटरवरचा एफ थर लहरींना परतवतो. सर्वांत खालचा, साठ ते नव्वद किलोमीटरवरचा डी थर मात्र लहरी खातो. तो दिवसा असतो आणि रात्री जवळपास नाहीसा होतो. म्हणून तर मध्यम लहरींवरचे मुंबई केंद्र आम्हाला इंदुरात दिवसा मिळत नसे आणि रात्री जेवणे आटोपली की घरात आल्यासारखे बोलू लागे. आमच्या आजीला अस्सल मुंबई-पुण्याची मराठी कानावर पडायची ती त्या वेळीच. तिच्या दृष्टीने ती वेळ म्हणजे माहेरची खिडकी होती.

या छताला सूर्य दोन तऱ्हांनी त्रास देतो, आणि आमच्या खात्यातलेही पुष्कळ जण या दोन्ही एकच समजतात. पहिली तऱ्हा सौरज्वालेची. सूर्यावर स्फोट होतो, त्याचे क्ष-किरण सव्वाआठ मिनिटांत इथे पोचतात आणि डी थर एकदम दाट होतो. पृथ्वीच्या ज्या बाजूला दिवस आहे तिथल्या लघुलहरी गडप होतात. खालच्या वारंवारता आधी जातात आणि शेवटी परततात. कधी पंधरा मिनिटे, कधी तास-दोन तास. दुसरी तऱ्हा धीमी पण जबर. सूर्यातून उसळलेला विद्युतभारित वायूचा लोट एक ते तीन दिवसांनी पृथ्वीवर आदळतो, पृथ्वीचे चुंबकत्व हेलकावते आणि वरचा एफ थरच विस्कटतो. ही गडबड रात्रीही चालते आणि दोन-तीन दिवस टिकू शकते. १९५७ च्या त्या वादळांची जात ही दुसरी. पण सूर्य नुसता खोडी काढणारा नाही. डाग वाढतात तेव्हा एरवी वरचे थर परतवू शकत नाहीत अशा उच्च वारंवारताही परत येऊ लागतात आणि हौशी मंडळी हातभर यंत्रावरून जगाशी बोलतात. रेडिओसाठी १९५७-५८ इतकी चांगली आणि इतकी बेभरवशाची वर्षे क्वचितच झाली असतील.

हे सारे कळायला माणसांना वेळ लागला. लघुलहरींवरून दूरदेशी तारा पाठवण्याचे काम हिंदुस्थानात १९२७ मध्ये सुरू झाले, आणि तेही मराठी मुलखातून. पुण्याजवळ खडकीला प्रक्षेपणाचे केंद्र आणि दौंडला ग्रहणाचे केंद्र. तिथून मार्कोनी पद्धतीच्या झोतलहरी थेट इंग्लंडला जात. समुद्राखालच्या तारांपेक्षा हे स्वस्त, म्हणून तारकंपन्या धास्तावल्या. पण जगभरचे बिनतारी चालक एकच तक्रार नोंदवीत : यंत्रे ठणठणीत असताना मधूनच भर दुपारी सारे पट्टे मुके होतात. जर्मनीत म्योगेलने १९३० मध्ये अशा प्रसंगांची नोंद केली. अमेरिकेतल्या डेलिंजरने १९३५ मध्ये चार तारखा मांडल्या : २० मार्च, १२ मे, ६ जुलै, ३० ऑगस्ट. दोन तारखांमधले अंतर दर वेळी साधारण ५४ दिवसांचे, म्हणजे सूर्याच्या स्वतःभोवतीच्या दोन फेऱ्यांइतके. ५४ दिवसांचा हिशेब पुढे टिकला नाही, पण सौरज्वालेशी लावलेला संबंध पक्का ठरला. हा प्रकार आज त्या दोघांच्या नावाने ओळखतात.

जाता जाता एक गंमत. अमेरिकेच्या आर.सी.ए. कंपनीने १९४६ मध्ये जॉन नेल्सन नावाच्या अभियंत्याला सूर्यावर लक्ष ठेवायला बसवले. त्याने पाहता पाहता गुरू, शनी, मंगळ वगैरे ग्रहांच्या कोनांवरून रेडिओचे भविष्य वर्तवायला सुरुवात केली आणि १९५१ मध्ये तसा लेखही छापला. शास्त्रज्ञांनी ते मानले नाही आणि आम्हीही मानत नाही. पण न्यूयॉर्कच्या कंपनीत बिनतारी यंत्रासाठी पंचांग पाहिले जात होते हे ऐकून आमच्या आजोबांना केवढा आनंद झाला असता!

या सगळ्याच्या आधीचे, आणि आमच्या मते सर्वांत मोठे, पान मुंबईचे आहे. कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये स्थापन केली. १८४१ पासून तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होऊ लागल्या. १ सप्टेंबर १८५९ रोजी सकाळी इंग्लंडात रिचर्ड कॅरिंग्टन सूर्याच्या डागांचे चित्र काढत होता. डागांच्या घोळक्यात त्याला दोन लखलखीत ठिपके दिसले. साक्षीदार आणायला तो धावला, मिनिटाभरात परतला तोवर तेज ओसरले होते. मुंबईत तेव्हा दुपारचे चार वाजून गेले होते. साडेसतरा तासांनी चुंबकीय वादळ पृथ्वीवर आदळले. अमेरिकेत बोस्टन आणि पोर्टलंडच्या तारमास्तरांनी बॅटऱ्या सोडवून ठेवल्या आणि तारांत आपोआप वाहणाऱ्या प्रवाहावर संदेश पाठवले.

युरोपात त्या वेळी छायाचित्रावर आपोआप नोंद घेणारी यंत्रे होती, पण सुई कागदाबाहेर गेली आणि वादळाचे शिखर निसटले. कुलाब्याला तसे यंत्र नव्हते. तिथे टांगलेल्या चुंबकाचे हलणे माणूस डोळ्याने वाचून वहीत लिहीत असे. २ सप्टेंबरच्या सकाळी चुंबक वेड्यासारखा फिरू लागला तेव्हा त्या माणसांनी यंत्र बिघडले म्हणून खोली बंद केली नाही. तासातासाचे वाचन सोडून काही मिनिटांच्या अंतराने आकडे लिहीत राहिले. त्या आकड्यांत पृथ्वीचे आडवे चुंबकत्व सुमारे १६०० नॅनोटेस्लाने घसरलेले दिसते. हा एका ठिकाणचा आकडा आहे, हे खरे. तरी तुलनेसाठी सांगतो, सगळ्या जगाची सरासरी धरून १३ सप्टेंबर १९५७ च्या वादळाची घसरण सव्वाचारशेच्या आसपास, आणि १९८९ मध्ये कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातील साठ लाख लोकांना नऊ तास अंधारात ठेवणाऱ्या वादळाची ५८९ धरतात.

ही वही जपणाऱ्यांत एक नाव घेतलेच पाहिजे, ते नानाभाई आर्देशिर फ्रामजी मूस यांचे. कुलाब्याचे ते पहिले हिंदी संचालक. मुंबईत विजेच्या ट्राम येणार असे ठरले तेव्हा त्यांच्या प्रवाहाने चुंबकाच्या नोंदी नासणार हे त्यांनी ओळखले आणि अलिबागला लोखंड टाळून नवी वेधशाळा उभारली. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे दोन्हीकडे एकदमच वाचन घेतले, म्हणजे जुनी आणि नवी वही जुळावी. ट्राम १९०७ मध्ये धावली, तोवर सांधा पक्का झाला होता. बदली झाल्यावर जुन्या दप्तराचा कार्यभार नीट न देणारे लोक आम्ही नोकरीत इतके पाहिले आहेत, की मूससाहेबांना मनोमन नमस्कार करावासा वाटतो. १८५९ चे ते आकडे तपासून त्सुरुतानी आणि भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे लाखिना, अलेक्स वगैरेंनी २००३ मध्ये लेख प्रसिद्ध केला, तेव्हा त्या वादळाचे खरे माप जगाला कळले.

तेच २००३ साल आमच्याही लक्षात आहे. नोकरी नवी होती. २८ ऑक्टोबरला, दिवाळी नुकतीच होऊन गेलेली, दुपारी साडेचारनंतर झाबुआकडच्या डोंगरातल्या एका ठाण्याशी आमचा संपर्क तुटला. सेट उघडला, अँटेना तपासली, दुसरा सेट लावला. काही नाही. अंधार पडल्यावर ठाणे आपोआप बोलू लागले. चौथ्या दिवशी आमच्या हातात कारणे दाखवा नोटीस होती : कर्तव्याच्या वेळी यंत्र बंद ठेवले. सूर्यावर त्या दुपारी चार वाजून चाळीस मिनिटांनी ज्वालेचा कळस झाला होता, आणि ती नोंदलेल्या सर्वांत मोठ्या ज्वालांपैकी एक होती. आम्ही वर्तमानपत्राचे कात्रण जोडून उत्तर दिले. साहेबांनी ते वाचून विचारले, ‘‘मग सूर्याला नोटीस काढू का?’’ नोटीस मागे घेतली गेली नाही. नुसती फाइल बंद झाली.

माणूस दोष आधी माणसातच शोधतो, याला मोठमोठे लोकही अपवाद नाहीत. मार्च १९८९ मध्ये रेडिओ फ्री युरोपचे कार्यक्रम रशियात ऐकू येईनात, तेव्हा क्रेमलिनने ते दाबले असा संशय आधी घेतला गेला. ६ सप्टेंबर २०१७ ला कॅरिबियन बेटांवर ‘इर्मा’ चक्रीवादळ थडकत असतानाच सूर्यावर ज्वाला उसळली आणि मदतीसाठी ज्यांच्यावर भिस्त होती त्या लघुलहरी काही तास बंद पडल्या. दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याजवळच्या एका विमानाशी फ्रेंच विमान नियंत्रकांचा दीड तास संपर्क नव्हता. उपग्रहांच्या जमान्यात लघुलहरी कोणाला हव्यात, असे विचारणाऱ्यांना आम्ही हेच उदाहरण देतो. आता अंतराळातून आपले आदित्य-एल१ यान जानेवारी २०२४ पासून सूर्यावर नजर ठेवून आहे. त्यातली एक दुर्बीण पुण्याच्या आयुकाने घडवलेली आहे.

राहिला प्रश्न दुकानदाराचा. रेडिओ बुधवारी बिघडला, शुक्रवारी सुधारला, पुढच्या शुक्रवारी पुन्हा बिघडला. वादळांच्या तारखा त्याच. आमचा कौल त्याच्या बाजूने आहे. व्हॉल्व्ह बदलायची गरज नव्हती हे खरे, पण व्हॉल्व्ह जुना नव्हता. तो आजही त्या रेडिओत आहे आणि पेटतो. दुकान केव्हाच मोडले, तिथे आता मोबाइलचे दुकान आहे. त्याचा मुलगा शहरातच असतो असे कळले. या गणपतीत त्याला आरतीला बोलवायचे ठरवले आहे. वहीची ती दोन पाने त्याला दाखवणार आहोत.

२०२४ च्या मे महिन्यात मोठे वादळ आले, लडाखात हानलेला आकाश लाल झाले. ११ तारखेला सकाळी सातच्या सुमारास आम्ही ट्रान्झिस्टर लावून बसलो होतो. ३१ मीटरवरची दोन केंद्रे बघता बघता बुडाली. आम्ही आनंदाने ओरडून आईला बोलावले. तिने क्षणभर कान दिला आणि म्हणाली, ‘‘सूर्य वगैरे राहू दे रे, आधी सेल बदलून बघ.’’